रोमच्या रांगेत

कोलोसियमच्या उत्तरेकडच्या भिंतीशी उभं राहून मान वर केली, की तळमजल्याच्या कमानींवर कोरलेले रोमन आकडे दिसतात. 23 पासून 54 पर्यंतचे आकडे अजून जागेवर आहेत. बाकीचे गेले, कारण 1349 च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळली आणि तिचा दगड पुढची काही शतकं रोमकरांनी राजवाडे आणि चर्चं बांधायला वाहून नेला. हे आकडे म्हणजे दारांचे नंबर. सम्राट टायटसने इ.स. 80 मध्ये या वास्तूचं उद्घाटन केलं तेव्हा तळाला 80 कमानी होत्या. त्यांतल्या चार मुख्य अक्षांवरच्या, सम्राटासाठी, मानकऱ्यांसाठी आणि खेळ करणाऱ्यांसाठी. उरलेल्या 76 वर नंबर होते आणि त्या प्रजेसाठी खुल्या होत्या. आत किमान 50,000 माणसं बसत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. प्रत्येकाने आपल्या नंबराच्या दारातून शिरायचं. ते दार ज्या जिन्याकडे नेतं, तो जिना ठरावीक मजल्याच्या ठरावीक भागातच निघतो. पुढच्या ओळीत बसणारा सिनेटर आणि अगदी वरच्या फळीवर बसणाऱ्या बायका किंवा गुलाम एकाच इमारतीत तासन् तास असत, पण येताजाता त्यांची एकमेकांशी गाठ पडत नसे. समाजातली उतरंड सांभाळायची होती, हा त्यातला हेतू उघडच आहे. पण त्याच रचनेमुळे उलटसुलट दिशांनी चालणारे लोंढे एकमेकांत घुसत नसत, आणि चेंगराचेंगरी बहुतेक वेळा तिथेच सुरू होते.

रोमहून परतलेला माणूस हमखास म्हणतो, ‘शहर अप्रतिम, पण गर्दी फार हो!’ जणू गर्दी हे अलीकडच्या स्वस्त विमानांनी आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यांनी त्या शहराला लावलेलं दुखणं. मला हे उलटं वाटतं. रोममध्ये आपण जे पाहायला जातो त्यातला मोठा भाग गर्दीसाठी, गर्दी धरूनच बांधलेला आहे. दारं, पूल, चौक, ओबेलिस्क, जिने, पाण्याचे नळसुद्धा. त्यामुळे आजी-आजोबा, आईवडील आणि दोन शाळकरी मुलं असं सहा जणांचं कुटुंब कोलोसियमपासून सेंट पीटरच्या चौकापर्यंतचा साधारण चार किलोमीटरचा पल्ला एका दिवसात चालायला निघतं, तेव्हा रांगेत गेलेला वेळ वाया गेला असं समजायचं काही कारण नाही. रांगेतूनही बरंच दिसतं, बघणाऱ्याला.

गंमत अशी, की ज्या इमारतीला 80 दारं होती तिथे आज मोजक्याच दारांतून आत सोडतात. दारावर पिशव्या तपासायच्या, तिकिटावरचा कोड वाचायचा, नाव पडताळायचं. शिवाय आत एका वेळी 3,000 पेक्षा जास्त माणसं राहू द्यायची नाहीत असा नियम आहे. जिथे पन्नास हजार सहज मावत तिथे तीन हजार! पण त्या काळचा प्रेक्षक येऊन जागेवर बसत असे आणि खेळ संपला की उठत असे. आजचा प्रेक्षक बसत नाही. तो कठड्याशी थांबतो, फोटो काढतो, वळतो, मुलाला हाक मारतो, परत थांबतो. उभ्या आणि रेंगाळणाऱ्या गर्दीला बसलेल्या गर्दीपेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि दोन हजार वर्षांच्या दगडाला हात लावणाऱ्या गर्दीवर लक्षही ठेवावं लागतं. 2023 मध्ये कोलोसियम आणि लगतचा पुरातत्त्वीय परिसर पाहायला 1 कोटी 20 लाखांहून जास्त लोक आले. दिवसाचे तास आणि तीन हजारांची मर्यादा यांचा मेळ घालून पाहिला, की तिकिटं का मिळत नाहीत ते कळतं.

तिकिटं साधारण 30 दिवस आधी ऑनलाइन खुली होतात आणि वेळेच्या खिडक्यांनुसार विकली जातात. साध्या तिकिटाला 18 युरो पडतात. त्यात कोलोसियमखेरीज लगतचा प्राचीन फोरम आणि पॅलेटाइन टेकडीही येते. आपण मात्र बऱ्याचदा कोलोसियम पाहिलं की थकून तिकिटाचा तो अर्धा भाग सोडून देतो. अठरा वर्षांखालच्या मुलांना, मग ती कोणत्याही देशाची असोत, प्रवेश फुकट. पण त्यांच्या नावाचं शून्य युरोचं तिकीट घ्यावंच लागतं, हे पुष्कळ आईवडिलांना दारात पोचल्यावर समजतं. ऑक्टोबर 2023 पासून तिकिटांवर नावं आली, त्यामुळे सगळ्यांचे पासपोर्ट जवळ हवेत. नावं का आली? कारण तिकिटांचा काळाबाजार. खिडकी उघडताक्षणी संगणकीय प्रोग्रॅम गठ्ठ्याने तिकिटं उचलत आणि तीच पुढे ‘मार्गदर्शकासह’, ‘रांगेशिवाय’ अशी लेबलं लावून दुप्पट-तिप्पट भावाने विकली जात. 2025 च्या एप्रिलमध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने या प्रकरणी तिकीट विकणारी कंपनी आणि काही पर्यटन कंपन्या यांना मिळून जवळजवळ 2 कोटी युरोचा दंड ठोठावला. ‘रांगेशिवाय’ या शब्दाबद्दल म्हणाल, तर सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच चुकत नाही. चुकते ती तिकीट घ्यायची रांग, आणि ती ऑनलाइन तिकीटवाल्यालाही चुकतेच.

सकाळी साडेआठची पहिली वेळ मिळाली तर घ्यावी. उन्हाळ्यात साडेदहा वाजले की दगड तापायला लागतो, आणि फोरममध्ये सावली नावालाच आहे. फोरमचं वर्णन इथे करत नाही. पडके खांब आणि चौथरे यांतून मनात शहर उभं करायला अर्धा दिवस आणि बरीच आधीची तयारी लागते. आठ वर्षांच्या मुलाकडून दोन्हींची अपेक्षा करू नये. पण तिथून जाणारा ‘व्हिया साक्रा’ हा रस्ता त्याला दाखवावा आणि सांगावं, की दोन हजार वर्षांपूर्वी इथे वाहनबंदी होती. ख्रिस्तपूर्व 45 च्या सुमाराचा, ज्युलियस सीझरच्या नावाने ओळखला जाणारा एक कायदा ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेला सापडला आहे. सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत, म्हणजे दुपारी साधारण चारपर्यंत, शहरात गाड्या आणायला त्यात मनाई आहे. सवलत कुणाला, तर देवळांच्या बांधकामाचं सामान आणणाऱ्या गाड्यांना, पाडकामाचा राडारोडा नेणाऱ्यांना आणि काही धार्मिक मानकऱ्यांना. दहा लाखांच्या आसपास वस्ती, बोळ अरुंद. दिवसा माणसांनी चालायचं आणि रात्री गाड्यांनी, असा हा तोडगा होता. परिणाम असा झाला, की रात्रभर चाकांच्या खडखडाटाने लोकांना झोप येईना. कवी जुव्हेनाल याने आपल्या उपरोधिक काव्यात त्याबद्दल भरपूर आदळआपट केली आहे. रोमच्या जुन्या भागात आजही खासगी मोटारींना मर्यादित प्रवेश आहे. फरक एवढाच, की पहारेकऱ्याच्या जागी कॅमेरा आलाय आणि दंडाची चिठ्ठी भाड्याने गाडी घेणाऱ्याच्या घरी काही महिन्यांनी येते.

तेव्हा चालायचंच. रस्ते बेसाल्टच्या चौकोनी ठोकळ्यांचे, त्यांना ‘सांपिएत्रिनी’ म्हणतात. पावसात निसरडे, एरवी उंचसखल. लहान मुलाची ढकलगाडी त्यांवर थडथडत जाते आणि चाकाच्या खुर्चीतल्या आजोबांचे हाल होतात. कुटुंबातला सगळ्यात सावकाश चालणारा माणूस हाच सगळ्या कुटुंबाचा वेग ठरवतो, आणि रोमचा नकाशा बघून ‘दहा मिनिटांवर तर आहे’ म्हणणाऱ्यांनी त्या दहाचे पंचवीस करून ठेवावेत. सहा जणांना टॅक्सीही सहज मिळत नाही, साध्या टॅक्सीत चौघेच बसतात. मेट्रो मात्र आता थोडी कामाची झाली आहे. जमीन उकरली की काहीतरी प्राचीन हाती लागतं आणि काम थांबतं, म्हणून रोमची भुयारी रेल्वे वर्षानुवर्षं रखडत आली. 2025 च्या डिसेंबरमध्ये ‘सी’ मार्गिकेचं कोलोसियमजवळचं स्थानक उघडलं. खोदताना सापडलेल्या जुन्या विहिरी आणि वस्तू स्थानकातच मांडून ठेवल्या आहेत. एका बसतिकिटाच्या किमतीत, म्हणजे दीड युरोत, हे संग्रहालय बघून होतं आणि आत ऊनही लागत नाही.

पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नये. रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे गुडघ्याच्या वर येणारे नळकांडे उभे दिसतील, त्यांच्या वाकड्या तोटीतून अखंड पाणी वाहत असतं. तोटी नाकासारखी दिसते म्हणून त्यांना ‘नासोनी’ म्हणतात. 1874 पासून ते बसवायला सुरुवात झाली आणि आज शहरात अडीच हजारांच्या आसपास आहेत. पाणी पिण्याचं, थंडगार आणि फुकट. तोटीच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबलं, की त्या भोकातून कारंजं उडतं आणि वाकायची गरज न पडता पिता येतं. मुलांना हे एकदा दाखवलं, की पुढचे तीन चौक ती ‘चालवत नाही’ म्हणत नाहीत. आजींना मात्र बाटली भरून द्यावी.

दुपारच्या जेवणाची एक अडचण आधी माहीत असलेली बरी. रीतसर खानावळी साधारण साडेबारा ते अडीच-तीनपर्यंत उघड्या असतात, नंतर थेट संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला. आपली मंडळी नेमकी साडेतीनला ‘आता काहीतरी खाऊ या’ म्हणतात. तेव्हा आधार असतो तो वजनावर पिझ्झा विकणाऱ्या दुकानांचा. मोठ्या आयताकृती ताटातून कात्रीने हवा तेवढा तुकडा कापून देतात, उभ्याने खायचं. शाकाहाऱ्यांना रोममध्ये उपाशी राहावं लागत नाही. पण कडक शाकाहाऱ्यांनी एवढं जाणून असावं, की ‘पेकोरिनो रोमानो’ हे मेंढीच्या दुधाचं चीज विरजायला कोकराच्या जठरातलं रेनेट वापरतात आणि ‘काचो ए पेपे’ हा प्रसिद्ध पास्ता त्याच चीजचा बनतो. ‘मारिनारा’ पिझ्झ्यावर टोमॅटो, लसूण आणि ओरेगॅनो असतं, चीज नसतं. कॉफी काउंटरशी उभं राहून घेतली तर स्वस्त, बसून घेतली तर त्याच कपाला जास्त पैसे. आणि कॉफी घेतली की त्या बारमधलं स्वच्छतागृह हक्काचं होतं. सहा माणसांच्या दिवसात ही गोष्ट कुठल्याही पुतळ्याइतकी महत्त्वाची आहे.

पँथिऑनपाशी पुन्हा रांग. जुलै 2023 पासून इथे 5 युरोचं तिकीट लागतं, अठराखालच्यांना नाही. तोवर फुकट होतं आणि दारात नुसती झुंबड असे. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. 125 च्या सुमारास, ही इमारत पुरी झाली. घुमटाचा व्यास 43 मीटरहून थोडा जास्त, आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे आत एक अख्खा गोल बसेल. लोखंडी सळ्यांचा आधार नसलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट जगात आजवर दुसरा झालेला नाही. युक्ती काँक्रीटच्या मिश्रणात आहे. पायाशी जड खडी, वर जावं तशी हलकी, आणि माथ्याजवळ पाण्यावर तरंगेल असा प्युमिस दगड. माथ्यावर आठ-नऊ मीटर रुंदीचं उघडं भोक आहे. पाऊस पडला की आत पडतो, फरशीला किंचित उतार आणि बारीक छिद्रं ठेवली आहेत, त्यांतून निघून जातो. ही वास्तू टिकली, कारण 609 मध्ये तिचं चर्च झालं. वापरात राहिली म्हणून तिचा दगड कुणी नेला नाही. चित्रकार राफाएल इथेच पुरलेला आहे. इथली गर्दी सुसह्य वाटण्याचं कारण मात्र भूमितीत आहे. गोल खोलीत कोपरे नसतात, सगळे वर बघत असतात आणि कुणी कुणाच्या आड येत नाही.

तिथून पाच मिनिटांवर ‘पिआत्सा नावोना’. हा लांबट चौक म्हणजे सम्राट डोमिशियनच्या धावपट्टीचा साचा. प्रेक्षकांच्या बाकांवर पुढे घरं उठली आणि मधलं मैदान तसंच राहिलं. मधोमध शिल्पकार बेर्निनीचं 1651 मधलं चार नद्यांचं कारंजं आहे. चार खंडांच्या चार नद्या: डॅन्यूब, नाईल, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. पण शोधायला गेलं तर आपली माणसं हमखास चुकतात, कारण ती बाईच शोधतात. इथली गंगा म्हणजे दाढीवाला, पिळदार, उघडाबंब पुरुष, हातात लांबलचक वल्हं. युरोपच्या जुन्या शिल्पपरंपरेत नदीचा देव पुरुषच असतो, म्हणून दाढी. आणि गंगेतून दूरवर नावा चालतात असं ऐकून होते, म्हणून वल्हं. नाईलच्या डोक्यावर कापड ओढलेलं आहे, कारण तिचा उगम तेव्हा युरोपियनांना माहीत नव्हता. एखाद्या आजीला ‘ही गंगामाई’ म्हणून दाखवून पाहा, काय म्हणतात ते ऐकण्यासारखं असतं!

आता पूल. माझ्या मते रोममधली सगळ्यात शिकण्यासारखी जागा हीच, आणि बहुतेक लोक ती देवदूतांच्या पुतळ्यांचे फोटो काढत पाच मिनिटांत ओलांडतात. ‘पोंते सांत-आंजेलो’ हा पूल हेड्रियनने आपल्या समाधीकडे जाण्यासाठी इ.स. 134 मध्ये बांधला. ती समाधी पुढे किल्ला झाली. मध्ययुगात शहराच्या मुख्य वस्तीतून सेंट पीटरकडे जायचं तर वाट याच पुलावरून. 1300 साली पोप बोनिफेस आठवा याने पहिलं ‘जुबिली’ वर्ष जाहीर केलं: त्या वर्षी रोमला येऊन ठरलेल्या चर्चांचं दर्शन घेईल त्याच्या पापांची शिक्षा माफ. युरोपभरातून माणसं लोटली. फ्लोरेन्सचा इतिहासकार जोव्हानी व्हिल्लानी तेव्हा रोममध्ये होता. त्याने लिहून ठेवलंय, की शहरात कोणत्याही वेळी रोमकरांखेरीज दोन लाख यात्रेकरू असत. आकड्यातली अतिशयोक्ती वजा केली तरी पुलावर काय झालं असेल याची कल्पना येते. आषाढीला पंढरपुरात दर्शनबारीत उभं राहिलेल्या माणसाला तर ती फोड करून सांगायला नको.

तेव्हाच्या कारभाऱ्यांनी केलेला उपाय आजच्या वाहतूक शाखेला शोभेल असा होता. पुलाचे लांबीने दोन भाग केले; एका बाजूने सेंट पीटरकडे जायचं, दुसऱ्या बाजूने परत यायचं. हे आपल्याला कळतं ते दान्तेमुळे. ‘डिव्हाइन कॉमेडी’त नरकाच्या एका खंदकात पाप्यांच्या दोन रांगा उलट दिशांनी चालवल्या जातात. त्या कशा चालत होत्या ते सांगताना त्याने जुबिलीतल्या या पुलाचा दाखला दिला आहे. महाकाव्यात एकदिशा मार्गाला जागा मिळाल्याचं दुसरं उदाहरण निदान मला आठवत नाही.

ही शहाणीव टिकली नाही. 1450 च्या जुबिलीत, डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी, सेंट पीटरहून परतणारा लोंढा पुलावर आला आणि समोरून येणारं एक खेचर त्यात अडकलं. पुलावर दोन्ही बाजूंना दुकानं होती, आधीच अरुंद झालेली वाट तुंबली. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, ते ढकलत राहिले. पावणेदोनशेच्या आसपास माणसं मेली, काही चेंगरून, काही टायबर नदीत पडून. गर्दीत माणसं मरतात ती बहुधा अशीच, मागून येणाऱ्याला पुढे वाट बंद आहे हे न कळल्यामुळे. पोप निकोलस पाचवा याने पुलावरची आणि तोंडाशी असलेली बांधकामं पाडून तिथे चौक मोकळा केला आणि मेलेल्यांच्या स्मरणार्थ दोन लहान प्रार्थनामंदिरं उभारली. पुढे 1530 च्या दशकात त्यांच्या जागी संत पीटर आणि संत पॉल यांचे पुतळे आले. पुलावर शिरताना दोन्ही हातांना दिसतात ते हेच. पुढच्या, म्हणजे 1475 च्या जुबिलीसाठी पोप सिक्स्टस चौथा याने नदीच्या खालच्या अंगाला आणखी एक पूल बांधला, ‘पोंते सिस्तो’. म्हणजे जाणारे एका पुलाने आणि येणारे दुसऱ्याने असं करता यावं. बेर्निनीचे देवदूत त्याच्याही दोनशे वर्षांनंतरचे.

याच कुळीतलं मोठं काम सिक्स्टस पाचवा याने 1585 ते 1590 या पाच वर्षांत केलं. यात्रेकरूंना शहरभर विखुरलेल्या मोठ्या चर्चांमध्ये जायचं असे आणि बोळांत ते हरवत. त्याने चर्चांना जोडणारे लांब सरळ रस्ते आखले, आणि वाट दुरून कळावी म्हणून टोकांना प्राचीन ओबेलिस्क उभे केले. रस्त्यात उभं राहून समोर तो दगडी सुळका दिसला की त्या दिशेने चालत राहायचं. भाषा यायला नको, वाचता यायला नको. सेंट पीटरच्या चौकातला ओबेलिस्क 1586 मध्ये वास्तुविशारद दोमेनिको फोंताना याने हलवला. सव्वातीनशे टनांहून जास्त वजनाचा अखंड दगड, 900 माणसं दोरखंड ओढायला. पुढच्या तीन वर्षांत सांता मारिया माज्जोरे, लाटरन आणि पिआत्सा देल पोपोलो इथे आणखी तीन उभे राहिले. घरच्यांची चुकामूक झाली तर भेटायची जागा म्हणून आजही ओबेलिस्कसारखी खूण नाही. ‘त्या आइस्क्रीमच्या दुकानापाशी’ म्हणून चालत नाही, तशी दुकानं दर वीस पावलांवर आहेत.

सेंट पीटरच्या चौकात बेर्निनीने 1656 ते 1667 या काळात 284 खांबांची, चार-चार खांब खोल अशी दुहेरी बाकदार ओवरी उभारली. लाखो माणसं मावावीत, सगळ्यांना पोप दिसावा आणि उन्हापावसात आडोसा असावा, अशी ती योजना. चौकाच्या फरशीत ओबेलिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक गोल खुणेचा दगड बसवलेला आहे. त्यावर उभं राहिलं, की चार ओळींतले खांब एकामागे एक जाऊन एकच ओळ दिसते. एक पाऊल बाजूला सरकलं की मागचे खांब बाहेर डोकावतात. मुलांना त्या दगडावर सोडावं आणि मोठ्यांनी रांग धरावी. बॅसिलिकेत प्रवेश फुकट आहे, रांग आहे ती तपासणीची. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी नेसलेल्या किंवा पंजाबी ड्रेसमधल्या बायकांना काही अडचण येत नाही, अडवले जातात ते चड्डीतले बाबा. घुमटावर जायला 551 पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी 320 उरतात. वरच्या टप्प्यात जिना घुमटाच्या बाकाबरोबर तिरका होत जातो, एकच माणूस जाईल एवढा अरुंद, आणि उतरायची वाट वेगळी असल्यामुळे मध्येच मागे फिरता येत नाही. ज्यांना बंदिस्त जागेत गुदमरतं त्यांनी हे खालीच ठरवावं.

2025 हेही जुबिली वर्ष होतं. पोप फ्रान्सिस यांनी 24 डिसेंबर 2024 ला सेंट पीटरच्या बॅसिलिकेचं पवित्र दार उघडलं, एप्रिलमध्ये त्यांचं निधन झालं, आणि 6 जानेवारी 2026 ला ते बंद केलं पोप लिओ चौदावे यांनी. मधल्या काळात 3 कोटींहून जास्त यात्रेकरू आल्याचं व्हॅटिकनने सांगितलं. पुलापासून चौकापर्यंतच्या रस्त्यावर यात्रेकरूंसाठी स्वतंत्र वाट राखली होती, आणि किल्ल्याशेजारच्या चौकातली मोटारींची वाहतूक भुयारात घालून वरचा भाग पायी चालणाऱ्यांना मोकळा केला होता. सात शतकांनी पुन्हा तेच: जाणाऱ्यांची वाट वेगळी काढा.

व्हॅटिकनची संग्रहालयं आणि सिस्टिन चॅपेल मी या दिवसात धरलेली नाहीत, आणि धरूही नयेत. वर्षाला 60 लाखांहून जास्त माणसं त्या दालनांतून जातात. मायकेलअँजेलोचं छत पाहायला मान वर करून उभं राहायला निवांतपणा लागतो, तो दिवसभर चाललेल्या पायांकडे नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाणाऱ्यांनी महिन्याचा शेवटचा रविवार टाळावा. त्या दिवशी प्रवेश फुकट असतो, म्हणून रांग व्हॅटिकनच्या तटाला वळसा घालते. तिथला जुझेप्पे मोमो याने 1932 मध्ये केलेला गोल जिना मात्र जरूर बघावा. तो एक नसून एकमेकांत गुंफलेले दोन जिने आहेत, चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येऊच नयेत म्हणून.

राहिलं ट्रेव्हीचं कारंजं. ते दुपारी, वाटेत पडतं म्हणून, बघायचा मोह होतो तो आवरावा. त्याचं पाणी येतं ‘आक्वा व्हर्जो’ या जलवाहिनीतून. रोमन सेनापती अग्रिप्पाने ती ख्रिस्तपूर्व 19 मध्ये बांधली, वीसेक किलोमीटर, बहुतेक जमिनीखालून. 1453 मध्ये तिची मोठी दुरुस्ती करून इथे साधा हौद बांधला तो निकोलस पाचव्यानेच, पुलावरच्या दुर्घटनेनंतर तीन वर्षांनी. आजचं भव्य कारंजं निकोला साल्व्हीच्या आराखड्याचं, 1762 मध्ये पुरं झालेलं. खांद्यावरून मागे फेकलेल्या नाण्यांची वर्षाची बेरीज 10 लाख युरोच्या पुढे जाते. ती वेचून कारितास या धर्मादाय संस्थेला गरिबांसाठी देतात. चौक मात्र चिमुकला आहे, आणि डिसेंबर 2024 मध्ये साफसफाईनंतर कारंजं पुन्हा खुलं झालं तेव्हा एका वेळी 400 जणांनाच कठड्यापाशी सोडायला सुरुवात झाली. फेब्रुवारी 2026 पासून बाहेरगावच्या पाहुण्यांना खाली हौदापर्यंत जायला 2 युरोचं तिकीट पडतं. पाणी बघायला पैसे कसले, असं पुष्कळांना वाटलं. मला विचाराल तर 400 ची मर्यादा पटते, 2 युरोंचं तेवढं नाही. गर्दी मोजण्याने आटोक्यात येते, पैसे घेतल्याने नव्हे. रस्त्यावरून बघायला अजून काही पडत नाही, आणि रात्री दहानंतर खाली उतरायलाही तिकीट लागत नाही. जूनमध्ये रोममध्ये पावणेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा जेवण आटोपून दहाला तिथे पोचणं कठीण नाही, मुलं तोवर कुणाच्या खांद्यावर झोपी गेली नसतील तर.